बांबूची करंगळी

चूपकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, हे वेगळं सांगायला नको. पण दिवसातून दोनशे वेळा ज्याच्या तोंडून ‘चूप’ हा एकच शब्द निघतो, त्याला युनिटमधली माणसं दुसरं काय म्हणणार? काका सिनेमाच्या लोकेशनवर आवाज पकडायचे, म्हणजे साउंड रेकॉर्डिस्ट. सिनेमा बघून बाहेर पडणारी माणसं नटांबद्दल बोलतात, गाण्यांबद्दल बोलतात, नटीच्या कपड्यांबद्दलसुद्धा बोलतात. आवाज काय सुरेख पकडलाय, असं म्हणणारा एकही प्राणी काकांना तीस वर्षांत भेटलेला नव्हता. आवाज बिघडला की मात्र शेवटच्या रांगेतला डुलक्या काढणारा माणूसही उठून शिव्या घालतो. असा हा नशीबवान धंदा.

लोकेशनवर गेलं की आधी कॅमेऱ्याला जागा, मग दिव्यांना, मग मेकअपला, मग चहाच्या थर्मासला, आणि या सगळ्यातून जो कोपरा उरेल तो काकांना. ते जिन्याखाली बसलेत, कोळशाच्या वखारीत बसलेत, एकदा कपड्यांच्या कपाटात बसले होते तर कोणीतरी सवयीने बाहेरून कडी घालून जेवायला निघून गेलं. या खेपेला त्यांच्या वाट्याला बाथरूम आलं होतं. चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात पंचवीस माणसं. काकांचा रेकॉर्डर वॉशिंग मशीनच्या झाकणावर, बॅटऱ्यांचा डबा साबणाच्या फळीवर, वायरींची भेंडोळी बादलीत, आणि काका स्वतः एका प्लॅस्टिकच्या स्टुलावर, गुडघे हनुवटीला लावून. आठ दिवस ते तसे बसत होते. आजचा नववा आणि शेवटचा.

काकांचा दिवस सुरू व्हायचा तो घराचा एकेक आवाज मारत. पंखे बंद. खिडक्या बंद. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढायचा, गळत्या नळाखाली फडकं ठेवायचं, दाराच्या बिजागरीत तेल सोडायचं, नटांच्या चपलांना खालून मऊ कापड चिकटवायचं. मग फ्रीज. फ्रीज बंद केला की काका आपल्या गाडीची किल्ली आत ठेवून द्यायचे, दुधाच्या पिशवीशेजारी. नवख्या माणसाला वाटायचं म्हातारा भ्रमिष्ट झालाय. पण त्यात अक्कल होती. लोकांचा फ्रीज बंद करून आपण संध्याकाळी विसरून निघून गेलो तर त्यांचं सगळं नासतं. किल्लीच फ्रीजमध्ये असली की विसरून जाणार कुठे? ही युक्ती या धंद्यात सगळेच करतात. काका आपले गार किल्लीने रोज घरी जायचे.

आणि मग बंद खिडक्यांच्या, बंद पंख्यांच्या त्या भट्टीत पंचवीस जण घामाघूम होऊन उभे, आणि सगळ्यांचे डोळे बाथरूमच्या दाराकडे. कारण काका ‘चालेल’ म्हणाले तरच शॉट होणार. विमान आलं की थांबा. लिफ्ट खडखडली की थांबा. वरच्या बाईंनी मिक्सर लावला की थांबा. कॅमेरामन तर काकांवर दात खाऊनच असायचा. पण काकांचं नाव मोठं होतं. प्रॉडक्शनवाला, जो सगळ्यांवर खेकसायचा, तोसुद्धा नव्या माणसांना सांगायचा की काकांचे कान सोन्याचे आहेत, मुंगी शिंकली तरी टेक थांबवतील.

आता खरी गोष्ट सांगतो. काकांना मुंगी सोडा, दाराची बेलसुद्धा धड ऐकू येत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली आणि ती थांबेचना. काका गुपचूप कानाच्या डॉक्टरणीकडे गेले. तिथली ती तपासायची खोली, स्पंजच्या भिंती, जाड दार, बघून त्यांना आधी बरंच वाटलं; आपल्याच जातीची खोली. डॉक्टरीण म्हणाली, आवाज ऐकू आला की हे बटण दाबा. पहिले आवाज आले, काकांनी दाबलं. मग काहीच येईना. काका घाबरले. काचेपलीकडे डॉक्टरणीचं कोपर हलताना दिसत होतं. कोपर हललं की काका बटण दाबायचे. छप्पन्न वर्षांचा माणूस, शाळेतल्यासारखी कॉपी करत होता. पाच-सहा वेळा असं झाल्यावर ती पोर उठून आत आली आणि तिने काकांची खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली.

तिने नंतर नीट समजावून सांगितलं. बोलणं ऐकू येईल, गाडीचा हॉर्न ऐकू येईल. वरचे बारीक आवाज मात्र गेले ते गेले, दोन्ही कानांचे. शिट्टी राहणार. औषध नाही. हेडफोन सोडा, म्हणाली. काका हसले. आचाऱ्याला सांगावं चूल सोड. फीच्या पावतीबरोबर तो कागद त्यांनी घडी करून बॅटऱ्यांच्या डब्याच्या तळाशी घातला आणि घरी बायकोला सांगितलं की कानात मळ होता.

त्या दिवसापासून काका अडकले. हे काम सोडलं तर दुसरं काही येत नाही, आणि हे काम तर येईनासं झालेलं. रोज सकाळी ते हेडफोन चढवायचे आणि मनात म्हणायचे, आज पकडले जाऊ. आज नक्की.

पकडले गेले नाहीत, ते बांबूमुळे.

बांबू हा काकांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. उंच, किडकिडीत, आणि हातात कायम ती माइकची लांब दांडी, बूम म्हणतात ती. त्यामुळे नाव आपसूक पडलं. नटांच्या डोक्यावर, फ्रेमच्या अगदी काठाशी, तो माइक धरून उभा राहायचा. अठरा वर्षं. दोघांच्या कानाला एकच आवाज, काका बसून ऐकणार, बांबू उभ्याने. काका त्याला ‘अरे बांबू’ म्हणायचे, तो काकांना ‘दाजी’. कामाव्यतिरिक्त दोघांत बोलणं बेताचंच. सणसमारंभाला एकमेकांशेजारी बसून दोघं मुकाट जेवायचे आणि बायको म्हणायची, घरी तरी तोंडं उघडा रे.

तर डॉक्टरणीकडे जाऊन आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एका टेकच्या मध्येच काकांना दिसलं की दांडीवर बांबूच्या उजव्या हाताची करंगळी वर झालीय. बाकीची बोटं दांडीला घट्ट, करंगळी तेवढी ताठ. आणि बांबू टक लावून काकांकडे बघतोय. काकांना काय सुचलं कोण जाणे, ते म्हणाले, “थांबा. शिट्टी येतेय.” शोधाशोध झाली आणि खरोखरच दिव्याच्या डब्यातून एक बारीक शिट्टी येत होती. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. बांबूने करंगळी खाली केली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. यावर दोघं कधी एक अक्षर बोलले नाहीत. अळीमिळी गुपचिळी. पण तेव्हापासून तसंच चाललं. करंगळी वर, काका म्हणणार थांबा.

युनिटमध्ये कोणाच्या तरी नजरेला ती करंगळी पडलीच. पण करंगळी वर करण्याचा अर्थ शाळेत गेलेल्या प्रत्येकाला एकच माहीत. बांबूला सारखी लागते अशी बोलवा झाली. प्रॉडक्शनवाल्याने एकदा त्याला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून, साखर तपासून घे म्हणून सांगितलं. बांबूने हो म्हटलं. उभ्या युनिटचं हसं अंगावर घेतलं त्याने, आणि काकांचे कान मात्र सोन्याचे झाले. लोक लांबून बोलवायला लागले. जितकं नाव वाढत गेलं तितका काकांचा जीव आवळत गेला. त्यांना घरातून कामावर आणि कामावरून घरी जाताना एकच विचार असायचा, उद्या बांबू आजारी पडला तर?

त्या नवव्या दिवशी सकाळी बायकोने विषय काढला. चहाचा कप पुढे ठेवला आणि समोरच बसली, म्हणजे मामला गंभीर होता. तिच्या भावाला बोलावणं आलं होतं. एका मोठ्या मालिकेचं काम, स्टुडिओतलं, वर्षा-दोन वर्षांचं. दांडी धरायची नाही, खुर्चीत बसायचं, स्वतः रेकॉर्डिस्ट म्हणून. आज संध्याकाळी सहापर्यंत हो-नाही कळवायचं होतं, नाहीतर ते दुसऱ्याला घेणार. सत्तेचाळीसाव्या वर्षी परत कोण बोलावतंय? खांदा तर पार गेलाय त्याचा. आणि चार दिवस झाले तरी हा गप्प आहे, विचारलं तर म्हणतो बघू.

“तुम्ही अडवताय का त्याला?” तिने विचारलं.

“मी कशाला अडवू?” काका म्हणाले. “जायचं तर जाऊ दे की.”

हे अगदी खरं होतं आणि साफ खोटंही होतं. काकांनी अडवलं नव्हतं. फक्त चार दिवस बांबू जवळ येऊन घुटमळायला लागला की ते बॅटऱ्या मोजायला बसायचे. एरवी बॅटऱ्या मोजायला किती वेळ लागतो? काकांना तासतासभर लागत होता.

शेवटच्या दिवशी आणखी एक त्रांगडं झालं. दिग्दर्शिका बाईंना आतल्या खोलीची भिंत मोकळी हवी होती, म्हणून तिथलं मोठं लाकडी कपाट ओढून बोळात आणलं, आणि ते बाथरूमच्या दारावरच आलं. दार वीतभर उघडायचं, बस्स. चार माणसांनी कपाट सरकवल्याशिवाय काका ना आत जाऊ शकत ना बाहेर येऊ शकत. काकांनी कुरकुर केली नाही. त्या फटीतून त्यांना एकच गोष्ट दिसायला हवी होती. त्यांना एक छोटा मॉनिटरही दिला होता, पण त्यात नटी दिसायची. काकांना नटी बघून काय करायचंय? त्यांनी स्टूल इंचाइंचाने सरकवत असं लावलं की फटीतून बरोबर बांबूचा उजवा हात दिसावा.

सकाळभर काम ठीक झालं. दोन वाजता जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे हुश्श करत गच्चीवर पळाले. काका कपाट सरकायची वाट बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोणी येईना. फोन करावा तर फोन बाहेरच्या पिशवीत. मोबाईलमुळे माइकात खरखर येते म्हणून काकांनीच सगळ्यांचे फोन बाहेर ठेवायला लावले होते. त्यांनी एकदा “अहो” म्हणून पाहिलं. पण तीस वर्षं दुसऱ्यांना गप्प केलेल्या माणसाला ओरडायची लाज वाटते. ते परत स्टुलावर बसले आणि करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी हेडफोन कानावर घेतले.

माइक आतल्या खोलीत स्टँडवर होता, चालू. काका तो कधीच बंद करत नसत. रिकाम्या खोलीत पावलं वाजली. मग बांबूचा आवाज, फोनवर, आपल्या बहिणीशी. तो म्हणत होता की अजून जेवलो नाही. मग म्हणाला, नाही गं ताई, दाजींनी नाही अडवलं, एका शब्दाने नाही. माझंच मला ठरवता येत नाहीये. तिकडून बरंच काही बोललं गेलं असावं, कारण तो बराच वेळ नुसता हं हं करत राहिला. मग फोन ठेवला. पावलं जवळ आली. माइकवरच्या स्पंजला काहीतरी घासलं आणि काकांच्या थेट कानात, अगदी खांद्यावर हनुवटी टेकवून बोलावं इतक्या जवळून, तो म्हणाला,

“दाजी.”

काका दचकले. स्टूल कुरकुरलं.

“चालू आहे हे मला माहितीये,” बांबू म्हणाला. “आणि कपाटाचं मीच कुणाला बोललो नाही. समोर आलो की तुम्ही बॅटऱ्या मोजायला लागता. आता ऐका. तुम्हाला बारीक आवाज येत नाहीत ते मला पहिल्यापासून माहिती आहे. अठरा वर्षं तुमच्यासमोर उभा आहे, मला नाही कळणार? तुम्ही बोलला नाहीत, मीही बोललो नाही. चाललं. पण आता खांदा चालत नाही, दाजी. रात्री कुशीवर वळता येत नाही. ते खुर्चीचं काम मला हवंय. खूप हवंय. पण मी गेलो तर तुमचं काय होईल तेही मला दिसतंय. तुम्ही जा म्हणालात तर जाईन. थांब म्हणालात तर थांबेन, मनात काही ठेवणार नाही. फक्त एवढं करा, तुम्ही म्हणा. दरवेळी माझ्या करंगळीवर ढकलून मोकळे होता, तसं या वेळी करू नका.”

फटीतून काकांना त्याचा अर्धा देह दिसत होता. त्याने गळ्यातले हेडफोन उचलून एका कानाला लावले आणि तो उभा राहिला. रेकॉर्डरवर एक लाल बटण असतं. ते दाबून बोललं की ते फक्त बांबूच्या हेडफोनात ऐकू जातं, दुसऱ्या कुणाला नाही. काकांचा अंगठा बटणावर होता. दोन अक्षरी शब्द सोडा, एका अक्षराचं काम होतं. जा. पण ते अक्षर उच्चारलं की उद्या दुसरा कोणीतरी दांडी धरणार, त्याला काहीच ठाऊक नसणार, आणि परवा संपादनाच्या खोलीत कोणीतरी काच फुटेस्तोवर ओरडणार की ही शिट्टी या बहिऱ्याला ऐकू कशी आली नाही. आणि थांब म्हणावं, तर त्या वाकड्या खांद्याकडे बघून म्हणायला जीभ रेटेना. रेकॉर्डरवरचे सेकंद पळत होते. काकांना स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती, आणि तरी अंगठा खाली जाईना.

मिनिट-दीड मिनिट गेलं असेल. बांबूने हेडफोन काढून खुंटीला अडकवले आणि तो निघून गेला. थोड्या वेळाने चार माणसं हसत-खिदळत आली, अरेच्चा काका आतच, म्हणत त्यांनी कपाट सरकवलं. काकांना गच्चीवर नेऊन कोणीतरी ताट वाढून दिलं. बांबू दुसऱ्या टोकाला बसला होता. काकांना दोन घास गेले नाहीत.

दुपारी म्हाताऱ्या नटीचा मोठा प्रसंग होता. युनिट तिला मावशी म्हणायचं. ती रिकाम्या खुर्चीसमोर बसून गेलेल्या नवऱ्याशी बोलते, असा साडेचार मिनिटांचा एकच शॉट. कपाट परत दारावर आलं. काका परत आत. मावशी काय काम करत होती म्हणे, दिवेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी त्यातलं काही ऐकलं असेल तर शपथ. ते फटीतून फक्त करंगळी बघत होते. पहिला टेक, करंगळी खाली. दुसरा टेक, खाली. आणि आता एक नवीनच भुंगा डोक्यात शिरला. ती खाली आहे कारण शिट्टी नाही, की खाली आहे कारण तो रागावलाय? त्याने आता नाहीच सांगायचं ठरवलं असेल तर? बाईंनी विचारलं, “काका, साउंड?” काका म्हणाले, “ओके.” बांबू असं करणारा नव्हता हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तरीही त्यांच्या मनात तो विचार आला. भिऊन भिऊन माणूस किती खाली जातो, हे त्यांना त्या स्टुलावर कळलं.

तिसऱ्या टेकला बाई खूश झाल्या. साडेपाच वाजले होते. आता एकच गोष्ट उरली, ती म्हणजे रूम टोन. प्रत्येक खोलीची आपली शांतता असते. माणसं गप्प असली तरी भिंती, हवा, खालचा रस्ता यांचा मिळून एक आवाज असतो, आणि तो मिनिटभर वेगळा पकडून ठेवावा लागतो. सिनेमा जुळवताना संवादांच्या मधल्या फटी त्याने भरतात. त्यासाठी सगळ्यांनी जिथे आहे तिथे, श्वाससुद्धा जपून घेत, एक मिनिट उभं राहायचं. पंचवीस माणसं पुतळे झाली. मेकअपवाला एका हातात पावडरचा पफ धरून, मावशी खुर्चीत, प्रॉडक्शनवाला दारात.

काकांनी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. त्यांच्या कानात त्यांची शिट्टी वाजत होती, दोन वर्षं वाजत होती तशी. शांतता कशी असते ते त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी फटीतून बघितलं. करंगळी वर झाली होती.

बांबूचा चेहरा काही सांगत नव्हता. रागही नाही, आशाही नाही. खांदा दुखत असणार, कारण कोपर थरथरत होतं. पण करंगळी ताठ होती. सहाला पंचवीस मिनिटं असताना, सगळ्या बाजूंनी हरलेला तो माणूस अजून आपलं काम करत होता.

“थांबा,” काका म्हणाले. पुढचे शब्द तोंडपाठ होते. शिट्टी येतेय. प्रॉडक्शनवाला दारात हसलासुद्धा, झालं यांचं सुरू, अशा कौतुकाने. काकांनी तोंड उघडलं आणि ते शब्द बाहेर येईनात.

“कपाट सरकवा,” ते म्हणाले. “मला बाहेर यायचंय.”

कपाट सरकलं. काका बाहेर आले तर पाय बधिर. भिंत धरत ते आतल्या खोलीत गेले. सगळे बघत होते. त्यांनी हेडफोन काढून हातात घेतले.

“या खोलीत शिट्टी येतेय,” काका म्हणाले. “मला ती ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली, मला कुठलीच येत नाही. हा ऐकतो, हा बोट वर करतो, मग मी बोलतो. तुम्ही ज्याला सोन्याचे कान म्हणता ते याचे आहेत.”

प्रॉडक्शनवाल्याला ती थट्टा वाटली. तो हसला, मग एकटाच हसतोय हे कळल्यावर थांबला. बाई काकांकडे बघत राहिल्या. पुढच्या सिनेमाचं त्यांनी कालच काकांना तोंडी सांगितलं होतं. त्याचं काय होणार हे त्यांच्या तोंडावर आत्ताच दिसत होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. काकांना भीती वाटली. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात, तसं काही वाटलं नाही. नुसती भीती वाटली, आणि जास्तच.

“कुठून येतेय?” बाईंनी बांबूला विचारलं. बांबूने मानेनेच दाखवलं. मेकअपवाल्याने टेबलामागे चार्जर लावून ठेवला होता. तो काढला.

टोन घ्यायचा राहिलाच होता. काकांनी आपले हेडफोन बांबूच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने चढवले आणि त्याचे आपल्या कानाला लावून त्याच्या हातातून दांडी घेतली. तो नको नको म्हणत होता. काकांनी त्याला ढकलतच बाथरूमकडे पाठवलं. बांबू वाकून आत गेला आणि त्या स्टुलावर बसला, त्याचे गुडघे काकांपेक्षाही वर आले. सगळे परत पुतळे झाले. मिनिट सुरू झालं.

काकांनी दांडी धरली होती ती तीस वर्षांपूर्वी, उमेदवारीत. पंधरा सेकंदांत त्यांच्या दंडाला कळ लागली. असलं वजन हा माणूस दिवसाचे दहा-दहा तास डोक्यावर धरून उभा राहिला, आणि वर त्या करंगळीचं ओझं. काकांचा ऊर भरून आला. नाकातून आवाज येऊ नये म्हणून त्यांनी तोंड उघडलं.

लाल बटण दाबून बांबू त्यांच्या कानातल्या हेडफोनात हळूच बोलला. “दाजी, तुमचा श्वास ऐकू येतोय.”

काकांनी श्वास रोखला. मग सोडला. मग त्यांनी दांडी सावकाश खाली आणली, इतकी की माइक ओठांपाशी आला. चाळीस सेकंद झाले होते. त्या खोलीत कोणी पापणी हलवत नव्हतं.

“तू जा,” काका म्हणाले. “मी म्हणतोय. तिकडचं काम घे. खाली उतर आणि आधी फोन कर त्यांना.”

आवाज मध्येच फाटला. कोणीतरी “अहो काका, टोन!” म्हणून ओरडलं. बाथरूममधून नळ सुटल्याचा आवाज आला, तोंडावर पाणी मारल्याचा आला, आणि मग बांबूचा, घोगरा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“खराब झाला,” बांबू म्हणाला. “परत घ्यावा लागेल. चूप सगळे.”

सगळे जागच्या जागी उभे राहिले आणि काकांनी दांडी पुन्हा वर उचलली.